मेश इम्पोर्ट होते, पण उत्तर चुकतं: फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना नेमकं काय गळतं

फाइल उघडते. मॉडेल स्क्रीनवर जसंच्या तसं दिसतं, लाल अक्षरात काही येत नाही. आपण खुशीत रन लावतो आणि तो पहिल्याच मिनिटाला आपटतो. हा झाला बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे रन शेवटपर्यंत जातो, रंगीत चित्र निघतं, रिपोर्टात चिकटवलं जातं, आणि तीन आठवड्यांनी टेस्टचे आकडे आल्यावर कळतं की आपण भलत्याच वस्तूचं गणित केलं होतं.

गेली बरीच वर्षं हायपरमेश, नास्ट्रान, अबॅकस, कॅल्क्युलिक्स, जीमेश आणि ओपनफोम या मेश बनवणाऱ्या आणि गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेश, म्हणजे गणितासाठी वस्तूचे केलेले बारीक तुकडे, इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्याकडे येतंय. तक्रारी त्याच त्या असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मेशच्या फाइलमध्ये खात्रीने असतात त्या दोनच गोष्टी. प्रत्येक नोडचे, म्हणजे बिंदूचे, तीन आकडे, आणि कुठला एलिमेंट, म्हणजे तुकडा, कुठल्या नोडांनी बनलाय याची यादी. हे आकडे मिलिमीटर आहेत की मीटर, यादीतला नववा नोड कुठल्या कडेवर बसतो, ‘इनलेट’ कुठल्या पृष्ठभागाला म्हणायचं, शेलची (पातळ पत्र्याच्या एलिमेंटची) वरची बाजू कुठली, हे सगळं लिहिणारं सॉफ्टवेअर गृहीत धरतं आणि वाचणारं आपल्या पद्धतीने गृहीत धरतं. दोघांची गृहीतकं जुळली नाहीत तरी फाइल उघडतेच. इम्पोर्ट झाली म्हणजे मेश पोचली असं समजू नका.

आधी तीन नोंदी

मूळ सॉफ्टवेअर बंद करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: मॉडेलच्या चौकटीची लांबी-रुंदी-उंची, एकूण घनफळ किंवा वजन, आणि प्रकारानुसार एलिमेंटची संख्या (इतके चार कोपऱ्यांचे टेट, इतके विटेसारखे आठ कोपऱ्यांचे हेक्स, इतके शेल). नव्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट झाल्यावर हेच तीन आकडे पुन्हा काढा. ओपनफोममध्ये चेकमेश ही कमांड चौकट आणि सेलचे, म्हणजे एलिमेंटचे, प्रकार दोन्ही छापते. अबॅकससारख्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटा डेटाचेक (फक्त इनपुट तपासणारा) रन लावला की वस्तुमान मिळतं. पाच मिनिटांचं काम आहे. खाली सांगतोय त्यातल्या निम्म्या भानगडी इथेच पकडल्या जातात, आणि तरी हे कोणी करत नाही, मीसुद्धा घाईत असलो की टाळतो.

चित्र बरोबर, आकडा चूक: युनिटचा घोळ

नास्ट्रान आणि अबॅकसच्या डेकमध्ये, म्हणजे इनपुट फाइलमध्ये, युनिट नावाची गोष्टच नसते. तुम्ही मिलिमीटर धरलं तर बल न्यूटनमध्ये, वस्तुमान टनांत आणि स्टीलची डेन्सिटी ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. एसटीएल फाइलमध्येही युनिट नसतं.

इथे चूक किती पट आली त्यावरून कारण ओळखता येतं, आणि ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. समजा ब्रॅकेटची पहिली नैसर्गिक फ्रीक्वेन्सी १८० हर्ट्झच्या आसपास अपेक्षित आहे.

५.७ हर्ट्झ आली, म्हणजे ३१.६ पट कमी. ३१.६ हे १००० चं वर्गमूळ, आणि फ्रीक्वेन्सी वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात कमी होते. वस्तुमान हजारपट झालंय, म्हणजे डेन्सिटी टनाऐवजी किलोग्रॅममध्ये शिरली आहे.

०.१८ हर्ट्झ आली, म्हणजे नेमकी हजारपट कमी. इथे डेन्सिटी आणि मॉड्युलस (मटेरियलचा ताठपणा) दोन्ही मीटर-किलोग्रॅमचे आहेत, आणि भूमिती मात्र मिलिमीटरचीच राहिली आहे. दोनशे मिलिमीटरचा ब्रॅकेट सॉल्व्हरला दोनशे मीटरचा दिसतोय.

साधारण १९.६ पट कमी आली, तर डेक अमेरिकेतून आलाय का ते पाहा. तिकडे इंच-पाउंडमध्ये काम करणारे लोक स्टीलची डेन्सिटी ०.२८३ अशी वजनाच्या हिशोबाने लिहितात आणि वर पॅराम डब्ल्यूटीमास ०.००२५९ लावतात, म्हणजे नास्ट्रान ३८६ ने भागून त्याचं वस्तुमान करतो. १९.६ हे ३८६ चं वर्गमूळ. ट्रान्सलेटर, म्हणजे फाइल बदलून देणारा प्रोग्राम, मटेरियलचं कार्ड (डेकमधली ओळ) घेऊन येतो आणि पॅरामची ती ओळ मागेच राहते. मिलिमीटरच्या डेकमध्येही काही लोक डेन्सिटी किलोग्रॅममध्ये ठेवून डब्ल्यूटीमास ०.००१ लावतात. तो गळला की बरोबर वरचा ३१.६ वाला आजार होतो. म्हणून नास्ट्रानचा डेक हातात आला की मी सगळ्यात आधी त्यात ‘डब्ल्यूटीमास’ शोधतो.

फ्लुइडच्या कामात युनिटची चूक जास्त लबाड असते. ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप, पाणी सेकंदाला २ मीटर. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा) १ लाख. आता जीमेशमधली मिलिमीटरची मेश ओपनफोममध्ये न बदलता गेली, तर ओपनफोम तिला मीटर समजतो, पाइप ५० मीटर व्यासाचा होतो आणि रेनॉल्ड्स नंबर १० कोटी. पण लांबी आणि व्यास दोन्ही हजारपट झाल्यामुळे त्यांचं गुणोत्तर तेच राहतं. बदलतो तो फक्त फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाचा गुणांक), गुळगुळीत पाइपसाठी ०.०१८ वरून ०.००६ च्या जवळ. म्हणजे प्रेशर ड्रॉप तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हजारपट चुकला असता तर कुणीही ओरडलं असतं. तिप्पट फरक पडला की लोक टर्ब्युलन्स मॉडेलला शिव्या घालत बसतात. इलाज एका ओळीचा: ट्रान्सफॉर्मपॉइंट्स कमांडने तिन्ही दिशांना ०.००१ चा स्केल द्या आणि लगेच चेकमेश लावून चौकट वाचा. मात्र या कमांडची लिहिण्याची पद्धत ओपनफोमच्या आवृत्त्यांमध्ये बदललेली आहे. जुन्या ट्युटोरियलमधली ओळ चालली नाही तर कमांडची मदत उघडून पाहा.

‘नॉनपॉझिटिव्ह जॅकोबियन’: मिड-नोडांची अदलाबदल

मिड-नोड म्हणजे एलिमेंटच्या कडेच्या मधोमध बसणारा नोड. जॅकोबियन हा एलिमेंटचा आकार किती बिघडलाय ते सांगणारा आकडा; तो उणे झाला म्हणजे एलिमेंट तिथे उलटा झालाय. यात माझेच हात भाजलेले आहेत. जीमेशमधून दहा नोडांचे टेट काढून कॅल्क्युलिक्समध्ये न्यायचे होते. जीमेश स्वतः आयएनपी फाइल (अबॅकस-कॅल्क्युलिक्सचा डेक) लिहितो, पण मला सेटची, म्हणजे नोड-एलिमेंटच्या गटांची, नावं वेगळ्या पद्धतीने हवी होती, म्हणून पायथनमध्ये माझी स्क्रिप्ट लिहिली. नोड वाचा, एलिमेंट वाचा, तसेच्या तसे छापा. चाळीस ओळी. चार नोडांच्या टेटवर तपासली, उत्तम चालली. मग दहा नोडांची मेश दिली आणि सॉल्व्हरने जवळजवळ प्रत्येक एलिमेंटवर जॅकोबियनची तक्रार केली.

दीड दिवस मी मेशच्या दर्जाला दोष देत होतो. मेश बारीक केली, फिलेट (कोपऱ्यांची गोलाई) काढून टाकले, ऑप्टिमायझर चालवला. काही फरक नाही. व्ह्यूअरमध्ये मेश सुंदर दिसत होती, कारण बहुतेक व्ह्यूअर कोपऱ्याचे नोड सरळ रेषेने जोडतात. मिड-नोड कुठे गेलाय ते दिसतच नाही.

भानगड अशी. अबॅकस, कॅल्क्युलिक्स आणि नास्ट्रान यांच्या दहा नोडांच्या टेटमध्ये पाचवा ते दहावा नोड या क्रमाने कडांवर बसतात: १-२, २-३, ३-१, १-४, २-४, ३-४. जीमेशमध्ये पहिले चार तसेच, पण शेवटचे दोन उलटे: आधी ३-४, मग २-४. म्हणजे नववा आणि दहावा नोड अदलाबदल करून लिहायचे, इतकाच इलाज.

पण न बदलता लिहिलं तर काय होतं ते कागदावर सोडवून बघण्यासारखं आहे. सरळ कडांच्या टेटमध्ये हे दोन मिड-नोड उलटे झाले की जॅकोबियन १ उणे ४टी या प्रमाणात बदलतो, आणि टी म्हणजे चौथ्या कोपऱ्याकडे जाणारा निर्देशांक, ० ते १. टी ०.२५ च्या पुढे गेला की जॅकोबियन उणे. सॉल्व्हर ज्या चार बिंदूंवर गणित मांडतो त्या इंटिग्रेशन बिंदूंपैकी तिघांवर तो ०.४५ च्या आसपास अधिक, आणि चौथ्यावर १.३४ उणे. बेरीज शून्य! प्रत्येक एलिमेंटचं घनफळ बरोबर शून्य येतं, आणि म्हणून सगळ्या मॉडेलचं वजनही शून्य. मी सुरुवातीलाच वजन तपासलं असतं तर दीड दिवस वाचला असता, म्हणूनच ती तीन नोंदींची कटकट वर पहिली ठेवली आहे.

म्हणजे ओळखायची खूण साधी आहे. खराब मेशमध्ये चार-दोन एलिमेंट तक्रार करतात, तीही कोपऱ्यात कुठेतरी. क्रम चुकला असेल तर सरसकट सगळे करतात. सगळेच ओरडत असतील तर मेश बारीक करत बसू नका, क्रम तपासा.

वीस नोडांच्या हेक्समध्येही हेच, पण जोडी वेगळी. अबॅकस आणि अॅन्सिसमध्ये आधी खालच्या चौकोनाचे चार मिड-नोड, मग वरच्या चौकोनाचे, शेवटी उभ्या कडांचे. नास्ट्रानमध्ये उभ्या कडांचे मध्ये येतात आणि वरचे शेवटी. म्हणजे १३ ते १६ आणि १७ ते २० हे गट आपसात बदलायचे. तयार ट्रान्सलेटर हे करतात. मेशिओ नावाची पायथन लायब्ररीही जीमेशचा क्रम सांभाळते. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टच फसतात, आणि आपल्याकडे प्रत्येक ऑफिसात अशी एक स्क्रिप्ट असतेच, जी लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

क्रम तपासायला मोठी मेश लागत नाही. एकच टेट घ्या, पण कडा एकमेकींपासून वेगळ्या लांबीच्या ठेवा. दहा नोडांचे निर्देशांक हाताने मोजता येतात. फाइल निर्यात करा, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, प्रत्येक मिड-नोड कुठल्या दोन कोपऱ्यांच्या मधोमध आहे ते बघा. बस्स. प्रत्येक नव्या जोडीसाठी, म्हणजे अमुक सॉफ्टवेअर ते तमुक सॉफ्टवेअर, अशी एक फाइल मी जपून ठेवतो.

नावं गेली, लोड लावायचा कुठे?

नास्ट्रानमध्ये प्रॉपर्टी आणि सेट हे आकड्यांनी ओळखले जातात. हायपरमेशमध्ये तुम्ही दिलेली ‘डावा ब्रॅकेट’ वगैरे नावं डेकमध्ये जातात, पण डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या कॉमेंटच्या ओळींत. हायपरमेशने पुन्हा उघडलं की नावं दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं ती फाइलमध्ये आहेत. दुसरं सॉफ्टवेअर कॉमेंट वगळून वाचतं आणि समोर येतात पीआयडी, म्हणजे प्रॉपर्टीचे नुसते आकडे, १, २, ३. अशा वेळी आकडा आणि नाव यांची यादी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवणं हाच भरवशाचा उपाय.

जीमेशची तऱ्हा निराळी. तुम्ही एकही फिजिकल ग्रुप (नाव दिलेला गट) केला नाही तर तो सगळं लिहितो. एक जरी केला तर फक्त ग्रुपमध्ये असलेलेच एलिमेंट लिहितो. त्यामुळे नवा माणूस इनलेट, आउटलेट आणि भिंत यांना छान नावं देतो, आतल्या घनफळाला ग्रुप द्यायला विसरतो, आणि फाइलमध्ये नुसतं टरफल जातं. एलिमेंटची संख्या मोजली असती तर टेट शून्य दिसले असते. उलट दिशेलाही काटा आहे. आयएनपी लिहिताना पृष्ठभागाचे त्रिकोण सीपीएस३ म्हणून आणि कडा टी३डी२ म्हणून त्याच फाइलमध्ये येतात. त्यांना सेक्शन (मटेरियल आणि जाडी) दिलेलं नसतं, म्हणून सॉल्व्हर कुरकुरतो. त्या ओळी काढून टाका. पृष्ठभागाचे नोड हवे असतील तर आधी नोडांचे सेट बनवून घ्या.

ओपनफोममध्ये जीमेशकडून आलेला प्रत्येक पॅच, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागाचा तुकडा, साध्या ‘पॅच’ प्रकाराचा असतो, भिंतसुद्धा. पॉलीमेश फोल्डरमधल्या बाउंडरी फाइलमध्ये जाऊन भिंतीचा प्रकार ‘वॉल’ करावा लागतो. वॉल फंक्शन (भिंतीजवळच्या प्रवाहाचं सूत्र) लावलं असेल तर सॉल्व्हर अडवतो, सांगतो की हा पॅच वॉल हवा. वॉल फंक्शन नसेल तर तो काहीच बोलत नाही, भिंतीपासूनचं अंतर मोजताना ती भिंत मोजतच नाही, आणि टर्ब्युलन्सचं गणित गपचूप बिघडतं. ज्या पृष्ठभागांना नावच दिलं नाही ते ‘डिफॉल्टफेसेस’ मध्ये जाऊन पडतात. तो पॅच रिकामा नसेल तर काहीतरी विसरलंय हे नक्की.

आठ रकान्यांचं भूत

नास्ट्रान १९६०च्या दशकात नासासाठी लिहिला गेला, पंच कार्डच्या जमान्यात. ८० रकान्यांचं कार्ड, त्यात आठ-आठ रकान्यांची दहा घरं. कार्ड गेली, पण आठ रकाने आजही आहेत. डेकमधल्या ओळीला आपण अजून कार्डच म्हणतो.

गाडीच्या कोऑर्डिनेटमध्ये मागचा भाग पुढच्या चाकापासून तीन-साडेतीन मीटरवर असतो. ३५१२.४८७३ मिलिमीटर आठ रकान्यांत ३५१२.४८७ होतं. उणे असेल तर चिन्हालाच एक रकाना लागतो आणि उरतं ३५१२.४९ इतकंच. म्हणजे एका बाजूला शतांश मिलिमीटरपर्यंतच अचूकता. पत्र्यांमध्ये कॉन्टॅक्टचं ०.०२ मिलिमीटर अंतर असेल तर ते वाढतं, नाहीतर संपतंच, आणि गणिताच्या पहिल्या टप्प्याला (इन्क्रिमेंटला) दोन पत्रे एकमेकांत घुसलेले दिसतात. सममित भागाची डावी बाजू आणि उजवी बाजू थोडी वेगळी येते ती याच कारणाने. एक्स्पोर्ट करताना १६ रकान्यांचा लांब फॉर्मॅट निवडा. फाइल जाड होते, होऊ द्या.

आणि ग्रिड कार्डवरचा, म्हणजे नोडच्या ओळीतला, सीपी रकाना रिकामा आहे का ते पाहा. तिथे आकडा असेल तर त्या नोडचे निर्देशांक लोकल सिस्टिममध्ये आहेत, कदाचित सिलिंड्रिकल. मधलं ‘वाय’ मग अंशांत असतं. साधा ट्रान्सलेटर ते मिलिमीटर समजतो आणि गोल फ्लँज सपाट पट्टी होऊन येतो. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी!

दशांशाचा किस्साही इथेच सांगतो. पुण्यात बसून जर्मनीतल्या टीमसोबत काम करणाऱ्यांना तो ओळखीचा असेल. तिकडच्या विंडोजवर दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. एक्सेलमधून निर्देशांक काढून स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या फाइलमध्ये ओतले की १२,५ चे दोन आकडे होतात, १२ आणि ५. मॉडेलचा नुसता चिवडा होतो. फाइल उघडून पहिल्या दहा ओळी डोळ्यांनी वाचल्या की लगेच दिसतं. तशीच यूएनव्ही फाइल, मेशचा आणखी एक फॉर्मॅट: तिच्यात घातांकासाठी ‘ई’ऐवजी फोर्ट्रानचा ‘डी’ असतो, आणि पायथन तो आकडा मानायला तयार होत नाही. वाचताना ‘डी’च्या जागी ‘ई’ टाका.

बाकीचं थोडक्यात

जीमेशचा सध्याचा मूळ फॉर्मॅट ४.१ आहे, आणि बरीच जुनी साधनं, जीमेशटूफोमच्या अनेक आवृत्त्याही, २.२ ची अपेक्षा करतात. पहिल्याच ओळीला अडकत असेल तर एमएसएच२ फॉर्मॅट निवडून पुन्हा लिहा. फ्लुएंटची मेश ओपनफोममध्ये न्यायची असेल तर ती टेक्स्ट स्वरूपात लिहा. फ्लुएंटमेशटूफोमला बायनरी वाचता येत नाही.

अबॅकसच्या सीएईमधून (मॉडेल बनवण्याच्या प्रोग्राममधून) आलेल्या आयएनपीत प्रत्येक पार्टचे नोड १ पासून सुरू होतात आणि इन्स्टन्सची, म्हणजे असेंब्लीत बसवलेल्या पार्टची, जागा वेगळ्या ओळीत असते. हे न कळणारं सॉफ्टवेअर सगळे पार्ट एकमेकांवर रचतं किंवा आधीचे नोड पुसून टाकतं. मॉडेलच्या अॅट्रिब्यूटमध्ये पार्ट आणि असेंब्ली न वापरता इनपुट लिहिण्याचा पर्याय आहे, तो टिक करा.

वेगवेगळ्या तुकड्यांत आलेली मेश खरंच जोडली गेली आहे का याची परीक्षा फ्री-फ्री मोडलने करा, म्हणजे कुठेही न बांधता. एकसंध वस्तूला शून्याजवळच्या फ्रीक्वेन्सीचे सहा मोड (हलण्याच्या तऱ्हा) असतात. बारा आले तर दोन वस्तू झाल्यात, कुठेतरी एका ओळीवरचे नोड मर्ज व्हायचे राहिलेत. मर्ज करताना टॉलरन्स सगळ्यात लहान एलिमेंटच्या कडेच्या दहाव्या भागाहून मोठा ठेवू नका, नाहीतर बारीक फिलेटचे नोड एकमेकांत विरघळतात.

शेलच्या नॉर्मलवर, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनातल्या दिशेवर, प्रेशर लावताना आधी नॉर्मलचे बाण दाखवून घ्या. आरसा-प्रतिमा करून बनवलेल्या अर्ध्या भागात ते हमखास उलटे असतात.

आणि समोरच्या सॉफ्टवेअरमध्ये मेशर चांगला असेल, लोडही नव्यानेच लावायचे असतील, तर मेश नेण्याच्या फंदात पडूच नका. स्टेप फाइल, म्हणजे नुसती भूमिती, पाठवा. तिच्यात युनिट लिहिलेलं असतं, मिड-नोड नसतात, आणि नवी मेश व्हायला लागणारा वेळ बहुतेक वेळा जुनी दुरुस्त करण्याहून कमी असतो. हे मी मॅनेजरला सांगतो तेव्हा उत्तर येतं, ‘अरे, मेश तयारच आहे ना?’ मग मी पुन्हा डब्ल्यूटीमास शोधायला बसतो.